नऊ ठिपके

७ जुलै, सोमवार

ही डायरी एका औषध कंपनीवाल्यानं आमच्या सेंटरला फुकट दिली, तीही दोन वर्षं जुनी. छापलेले वार चुकीचे आहेत, ते खोडून मी खरे लिहिते. ठेवते तांदळाच्या डब्यामागे. त्या डब्याला घरात माझ्याशिवाय कोणी हात लावत नाही. सगळी कामं एकटीनं करण्याचा एवढा तरी फायदा असावा.

आज काउंटरवर जुंपली. धंतोलीतल्या आमच्या तपासणी सेंटरमध्ये मी बारा वर्षं रिपोर्ट देते आहे. वरोऱ्याकडचे एक म्हातारबुवा सुनेचा सोनोग्राफीचा रिपोर्ट मागत होते. "मी सासरा हाव तिचा," म्हणे. मी म्हटलं, "असाल. पोट तिचं आहे. रिपोर्ट तिच्याच हातात भेटन." त्यांनी आवाज चढवला, मीही चढवला. मॅनेजर बाहेर आले तरी मी लिफाफा सोडला नाही. शेवटी सून आली, सही केली, लिफाफा घेतला आणि जाताना माझ्याकडे बघून हसली. मला दिवसभर बरं वाटलं.

घरी आले, तर मला बघताच पायलनं मोबाइल पालथा घातला. सतरा वर्षांची पोरगी, बारावी, डॉक्टरकीच्या परीक्षेचा क्लास. तिचे बाबा वणीला कोळशाच्या खाणीत, शनिवारी येतात, सोमवारी जातात. म्हणजे बघायला मी एकटी. विचारलं, "काय लपवून राहिली वं?" तर म्हणे, "काही नाही." काही नाही, तर पालथा कशाला?

सेंटरमध्ये शेजारच्या खिडकीवर बसणारी नीला म्हणते, तिनं तिच्या मुलीच्या, वेदिकाच्या फोनमध्ये एक ॲप टाकून घेतलं आहे. पोरीला कळत नाही, आईला सगळं दिसतं. सीताबर्डीला पियूष म्हणून दुकानदार आहे, तो करून देतो.

१२ जुलै, शनिवार

काम झालं. पायलच्या फोनची काच तडकलीच होती. "बदलून आणते," म्हटलं तर बिचारीनं खूश होऊन हातात दिला.

दुकान म्हणजे बोळातली एक चिंचोळी खोली, छतापासून कव्हरं आणि चार्जर लटकलेले. पियूष चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, 'ताई'शिवाय शब्द नाही. त्यानं एक जाडजूड वही काढली. त्यात पायलचं नाव, नंबर, क्लास कुठं, सगळं लिहिलं. मग पेनानं तीन ओळींत नऊ ठिपके काढले आणि विचारलं, "ताई, लॉकचा पॅटर्न कसा आहे?" तिच्या खांद्यावरून मी कितीदा पाहिला आहे. बोटानं दाखवला, त्यानं ठिपके रेघांनी जोडले. पानापानावर असे ठिपके होते. धंदा जोरात दिसतो.

ईमेल मागितला. माझा आहे, पण पासवर्ड आठवत नाही. तो म्हणाला, "असू द्या ताई, दुकानाच्या आयडीवर करून देतो. साऱ्या आयांचं असंच करून राहिलो. विसरल्या तं वहीत आहेच." किती सोपं. शेवटी ॲपनंच विचारलं, ज्याचा फोन आहे त्याला कळवलं का? पियूषनं माझ्याकडे न बघता 'होय' दाबलं.

काच अगदी नव्यासारखी बसली आहे.

१६ जुलै, बुधवार

आता पायल म्हणजे माझ्या फोनवरचा हिरवा ठिपका. नऊला अजनीच्या मेट्रो स्टेशनवर, मग सीताबर्डी, तिथं गाडी बदलून शंकरनगर. तिचे फोटो येतात, कोणाचा फोन आला तेही येतं. डबा खाताना नीला आणि मी शेजारी बसून आपापला ठिपका बघतो. पूर्वी मालिकांवर बोलायचो.

अपराधी वाटतं का? नाही वाटत, आणि हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे. पोटात वाढवली मी, तिच्या तापात उशाशी बसले मी, बारा वर्षं त्या काउंटरवर पाय सुजवले ते तिच्यासाठी. मला बघायचा हक्क नाही तर कोणाला आहे? कोणी शहाणपण शिकवायला आलंच, तर त्याला मी हेच सांगेन.

२९ जुलै, मंगळवार

आज पायलनं आरशासमोर स्वतःचा फोटो काढला. निळा कुर्ता घातलेला. धम्मचक्र दिनाला दीक्षाभूमीवर घालायला म्हणून बाबांनी आत्ताच आणून दिला आहे. फोटो कोणाला पाठवला नाही. नुसताच काढला.

किती छान दिसते माझी पोर! तोंडावर म्हणावंसं वाटलं. पण म्हणणार कशी? विचारेल, कुठं पाहिलंस.

८ ऑगस्ट, शुक्रवार

ठिपका पस्तीस मिनिटं सीताबर्डी स्टेशनवर. कालही, परवाही. तिथं गाडी बदलायला पाच मिनिटं पुरतात. विचारलं तर म्हणे, "गर्दी होती, गाडी सोडली." सलग तीन दिवस?

आणि रोज सहाच्या सुमाराला अर्णव नावाच्या कोणाचा तरी फोन. दोन मिनिटं, कधी तीन. क्लासमधला असणार. पस्तीस मिनिटं कोणाबरोबर जातात हे समजायला मला डॉक्टर व्हायची गरज नाही.

११ ऑगस्ट, सोमवार

आज मी त्या अर्णवला फोन केला. चांगलं खडसावलं. म्हटलं, पायलच्या मागं लागू नको, पुन्हा स्टेशनवर तिच्यासोबत दिसला तर तुझ्या आईबापाच्या दारात येऊन उभी राहीन. तो "काकू, ती एकटी..." असं काहीतरी सुरू करत होता. मी ऐकून घेतलं नाही. एकटीच बरी आहे ती.

मन हलकं झालं. नीला म्हणाली, "शाब्बास."

१९ ऑगस्ट, मंगळवार

अर्णवचे फोन बंद. ॲपचे उपकार.

पायल मात्र जेवत नाही. पोळीचा तुकडा हातात धरून बसते. कालपासून क्लासलाही गेली नाही, डोकं दुखतं म्हणे. संध्याकाळी जवळ येऊन बसली आणि अचानक म्हणाली, "आई, तू मले घ्यायले येशील का क्लासले? थोडे दिवस."

"काहून? लहान आहेस का?"

"येशील का नाही, एवढं सांग ना."

मला दिसत होतं की हे अर्णवचं दुःख चाललंय. मी म्हटलं, "माझी ड्युटी कोण करन? नाटकं नको करू." ती उठून गेली. राग आला मला, पण जरा वाईटही वाटलं.

२१ ऑगस्ट, गुरुवार

ॲप अडकलं होतं. जेवणाच्या सुट्टीत रिक्षानं सीताबर्डीला गेले. पियूषनं दोन मिनिटांत सुरू करून दिलं, पैसे घेतले नाहीत. वर विचारलं, "पायलची तब्येत बरी आहे ना ताई? तीन दिवस क्लासले नाही गेली."

आजकाल कोण एवढी आपुलकी दाखवतं? मीच बोलता बोलता सांगितलं असेन.

३० ऑगस्ट, शनिवार

जसं घडलं तसं लिहिते.

दुपारी पायल स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. चेहरा पांढरा. फोन माझ्यासमोर धरला. अनोळखी नंबरवरून तिचाच फोटो आला होता, निळ्या कुर्त्यातला, आरशासमोरचा. खाली लिहिलेलं, 'हा घालून येत जा ना. तू कोणत्या डब्यात चढते मला माहीत आहे.'

"आई, हा फोटो मी कोणालेच नाही पाठवला. कोणालेच नाही. हा माह्या फोनमधून बाहेर गेलाच नाही."

मग एकेक सांगायला लागली. महिना झाला, एक माणूस तिच्या मागे आहे. तोंडाला मास्क. ती स्टेशनवर पोचायच्या आधी तो तिथं असतो. तिनं रस्ता बदलला, तिथंही हजर. सीताबर्डीला ती बायकांच्या घोळक्यात बसून राहायची, तो निघून जाईपर्यंत. अर्णव तिला क्लासपासून स्टेशनपर्यंत सोडायचा, फोन करून घरी पोचली का विचारायचा. मग एके दिवशी त्यानं यायचं बंद केलं, का ते सांगितलं नाही.

का ते मला माहीत होतं.

"मले काहून नाही सांगितलं?"

"तू फोन काढून घेतला असता."

हे खरं आहे. मी काढून घेतला असता.

तो फोटो दोघींनीच पाहिला होता, तिनं आणि मी. मी बाथरूममध्ये जाऊन ॲप उघडलं. कधी न दाबलेली बटणं दाबली. एका ठिकाणी लिहिलेलं होतं, हे खातं कुठं कुठं उघडं आहे. एक माझा फोन. एक दुकानाचा संगणक. आणि एक आणखी फोन, ज्यावर ते रोज सकाळी पावणेनऊला उघडलं जात होतं.

आमच्या सेंटरमध्ये रिपोर्ट फुटला की आधी विचारतात, चावी कोणाकोणाकडे आहे. मी स्वतः विचारते. आणि इथं चावी मी माझ्या हातानं दिली होती, वर काच छान बसली म्हणून आभार मानले होते.

बाहेर येऊन व्हॉट्सॲपवरचा पियूषचा फोटो तिला दाखवला. "हाच आहे का?" तिनं डोळ्यांवर, कपाळावर बोट फिरवलं, मास्कच्या वरचा भाग. मग मान डोलावली.

"तू याले कशी ओळखते, आई?"

सांगितलं. सगळं. अर्णवचंसुद्धा.

३१ ऑगस्ट, रविवार

ओरडली असती तर बरं झालं असतं. सकाळी चहा देताना म्हणाली, "तांदळाच्या डब्यामागं तुही डायरी आहे. मले तीन वर्षांपासून माहीत आहे. तवा लाल वही होती, मग ही आली. मी एक पान नाही उघडलं. एक नाही, आई."

बारा वर्षं ज्या गोष्टीसाठी मी अनोळखी माणसांशी भांडले, ती माझ्या घरात मलाच कळली नाही, आणि पोरीला कोणी न शिकवता कळली.

२ सप्टेंबर, मंगळवार

यांना शनिवारीच सांगितलं होतं. यांचं म्हणणं, ॲप उडवा, नंबर बदला, क्लास बदला, विषय संपवा. आज कुहीहून माझ्या दिराचा, लहानूभाऊजींचाही फोन. "वहिनी, पोट्टीचं नाव पोलिसात गेलं तं उद्या कोण करन तिच्याशी लग्न?"

मी म्हटलं, "भाऊजी, तिले डॉक्टर व्हायचं आहे. नवरी व्हायची घाई तुमाले आहे." फोन ठेवून दिला. गेली वीस वर्षं मी त्यांना 'हो हो' म्हणत आले, बास झालं.

ॲप उडवू दिलं नाही. उडवलं तर पुरावा काय राहणार? पायलनं फोन बंद करून कपाटात ठेवला आहे. तिच्या सोबतीला मी रोज जाते, मॅनेजरला स्वच्छ सांगितलं, महिनाभर पाचला निघणार, जमत नसेल तर दुसरी बघा. जमलं त्यांना.

दुपारी नीलाला गाठलं. तिचा चेहरा उतरला, पण म्हणाली, "माया, माझं नाव मध्ये आणू नकोस. आमच्याकडे अशा गोष्टी बाहेर काढत नाहीत." मी म्हटलं, "आमच्याकडंही नाही काढत. म्हणूनच त्याची वही एवढी जाड आहे."

४ सप्टेंबर, गुरुवार

आज मी व्हरायटी चौकात अर्धा तास उभी होते. समोर तो बोळ. आत जाऊन त्याची गचांडी धरायची, ती वही त्याच्याच डोक्यात घालायची, अख्खी सीताबर्डी गोळा करायची. घसा तयार होता माझा.

पण पायल म्हणाली आहे, "माझं आहे ते. मी ठरवीन काय करायचं. तू माह्या मागून काहीच नको करू." मी वचन दिलं आहे.

परत फिरले. आयुष्यात एवढं अवघड काही केलं नसेल. रागात रस्त्यावरच्या माणसाकडून गरज नसताना तीन गाळण्या घेतल्या.

७ सप्टेंबर, रविवार

सकाळी पायलनं केस घट्ट बांधले आणि बाहेर येऊन म्हणाली, "उद्या जाऊ. तक्रार मी देईन. तू फक्त चाल."

बाबा म्हणाले, "बदनामी होईन वं बेटा."

"त्याची होऊ द्या ना, बाबा. मी काय केलं?"

मग हे मला बाजूला घेऊन म्हणाले, जायचंच तर एक कर, ॲप तू टाकायला लावलं हे सांगू नको. काच बदलायला दिला होता, त्यानं गुपचूप टाकलं, असं म्हण. कोण विचारतं?

रात्री बराच वेळ याचाच विचार करत होते. खोटं लिहायचं नाही, एवढ्यासाठी तर ही वही आहे. म्हणून लिहिते, मला तो उपाय आवडला.

८ सप्टेंबर, सोमवार

सायबर पोलिसांकडे गेलो. हवालदार प्रेमलताबाई, माझ्याच वयाच्या, चष्मा कपाळावर. पायलनं सगळं सांगितलं, तारखांसकट. एकदाही अडखळली नाही. मग बाईंनी माझ्याकडे बघितलं.

"ॲप फोनमध्ये कसं आलं?"

पायल माझ्याकडे बघत नव्हती. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती. तिला बाबांचं आणि माझं बोलणं ऐकू गेलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

"मी टाकायले लावलं," मी म्हटलं.

"मुलीले माहीत होतं?"

"नाही."

"तिचा पॅटर्न त्याले कोणं दिला?"

"मीच."

"कायले, बाई?"

"कारण मी तिची आई आहे, आणि मले वाटलं की तेवढं पुरे आहे. लिहा, जसंच्या तसं लिहा. पण त्याच्या खाली हेही लिहा, की मी चुकले म्हणून त्याचा गुन्हा छटाकभर कमी होत नाही."

प्रेमलताबाईंनी चष्मा खाली घेतला आणि लिहायला लागल्या. म्हणाल्या, बहुतेक आया इथं पोचल्यावर हेच सांगत नाहीत, मग धागा सापडत नाही. मी जबाब वाचून सही केली. अक्षर चांगलं आलं.

मग पायलचा फोन उघडायचा होता. तिनं तो सुरू केला, बोट पुढं नेलं. मी खुर्ची फिरवली आणि दाराकडे तोंड करून बसले.

१० सप्टेंबर, बुधवार

दुकान दाखवायला मला नेलं. पियूष आधी हसला. "ताई, गैरसमज आहे. बोभाटा झाला तं तुमच्याच पोरीचं नाव खराब होईन."

मी बोळात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "नाव पायल. आईचं नाव माया. घे, मीच सांगून राहिली साऱ्याले. आता काय खराब करतोस?"

त्याचं हसणं गेलं. वही पोलिसांनी घेतली. बाई पानं उलटत होत्या, मी बाजूला उभी. पान संपलं की दुसरं पान, प्रत्येकावर नऊ ठिपके, त्यांना जोडणारी रेघ आणि शेजारी एका पोरीचं नाव. एवढ्या आया. सगळ्या माझ्यासारख्याच 'ताई' ऐकून गेलेल्या.

वेदिकाचं पानही दिसलं. सेंटरवर आल्यावर नीलाला बाजूला घेतलं, म्हटलं, "त्या वहीत काय आहे ते मी पाहिलं. दुसऱ्या कोणाला सांगणार नाही. वेदिकाला सांगायचं की नाही ते तू ठरव, पण ठरवताना तिला विचार." तिनं डबा दुसऱ्या टेबलावर खाल्ला.

१३ सप्टेंबर, शनिवार

अर्णवच्या घरी गेले. त्याच्या आईसमोर त्याची माफी मागितली. तो लाजून आत पळाला. पायल म्हणाली, "एवढं पुरे, आता त्याले आणखी नको छळू."

अजून ती माझ्याशी मोजकंच बोलते. बोलू दे. मी थांबणार आहे.

२ ऑक्टोबर, गुरुवार

धम्मचक्र दिन. सकाळपासून सगळा रस्ता पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांचा. पायल दीक्षाभूमीवर पाणी वाटायला गेली, एकटी. तोच निळा कुर्ता घालून. मी म्हटलं, "हाच घालणार?" म्हणाली, "हाव. माह्या बाबांनी आणला, तो मी घालणार. त्या माणसाच्या भीतीनं कपाटात कायले ठेवू?" मी तिला तोंडावर सांगितलं, की छान दिसतेस.

सातला येते म्हणाली होती. पावणेआठ झाले. फोन माझ्या हातात, आणि त्यात आता कुठलाच ठिपका नाही. मी डायरी घेऊन टेबलाशी बसले. केला नाही फोन. आठला पाच कमी असताना आली, पाय धुळीनं भरलेले, आवाज बसलेला, चेहऱ्यावर हसू.

डायरी टेबलावर उघडीच होती. तिनं ताटासाठी जागा करायला ती उचलली, न बघता मिटली आणि बाजूला ठेवली.

मी म्हटलं, "वाच ना."

"तुही आहे ती. तुले वाटलं तं तूच वाचून दाखव."

जेवण झाल्यावर मी ७ जुलैपासून सुरुवात केली. सुनेच्या रिपोर्टला ती हसली. पियूषनं 'होय' दाबलं तिथं हसली नाही. ११ ऑगस्टचं पान आलं. मी ते न वाचताच उलटायला गेले, तर तिनं बोट ठेवलं.

"गाळू नको, आई."

मी वाचलं. 'एकटीच बरी आहे ती,' हेसुद्धा वाचलं.